टाचणीबाईंनी न पाहिलेला शेवट

आमच्या नाटक कंपनीत राजे पुष्कळ होऊन गेले, पण अंगरखा खांद्यावर नीट बसलेले राजे फक्त टाचणीबाईंच्या कारकिर्दीतले. बाकीच्यांचं राजेपण पहिल्याच तलवारबाजीत काखेत उसवायचं.

टाचणीबाई हे नाव मी ठेवलं नाही. ते त्यांना गल्लीनं दिलं. बाईंच्या ओठांत कायम दोन-चार टाचण्या धरलेल्या, त्यामुळे बोलणं ओठांच्या कोपऱ्यातून, मोजूनमापून. तोंडात टाचण्या असेपर्यंत त्या गोड बोलायच्या. टाचण्या काढून शिवणाच्या छोट्या उशीला खोचल्या, की समोरच्यानं आपलं काय चुकलं ते आठवायला लागावं.

राहायच्या छापखान्याच्या माडीवर, दोन खोल्यांत. एका खोलीत संसार आणि दुसऱ्या खोलीत शिवणयंत्र. खाली छापखाना धडधडे, वर यंत्र खडखडे, आणि त्या गोंधळात बाई एखाद्या घेरदार झग्याला अशी काही झालर लावायच्या, की तो घालून मी रंगमंचावर नुसती वळले तरी टाळी पडायची. टाळी मी घेतली, हे खरं. वळत होता तो झगा.

यजमान समोरच्या थिएटरात ऑपरेटर. सिनेमाची दोन यंत्रं चालवायची, एकावरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या कोपऱ्यात उमटणारा ठिपका हेरायचा आणि त्याच क्षणी दुसरं यंत्र सुरू करायचं, हे त्यांचं काम. माणूस सरळ, निर्व्यसनी. व्यसन एकच, ते म्हणजे एक जुना सिनेमा. दरवर्षी तो मॅटिनीला आठवडाभर लागायचा आणि थिएटर बायकांनी भरून जायचं. त्यातली पत्नी नवऱ्यासाठी आधी दागिने देते, मग माहेरचं घर देते, मग त्याच्या चोरीचा आळ स्वतःवर घेते, आणि शेवटी त्याच्या वाटेतली धोंड नको म्हणून घर सोडून जाते.

“याला म्हणतात बायको!” ऑपरेटर जेवताना सांगायचे.

“याला म्हणतात शिंपी,” टाचणीबाई म्हणायच्या. “एवढ्या हालअपेष्टा झाल्या, पण बाहीला एक सुरकुती नाही पडली!”

थट्टा करायच्या, पण सिनेमा दरवर्षी पाहायच्या आणि रडायच्याही. मात्र शेवटचं रीळ लागायच्या आधी डोळे पुसून उठायच्या. मॅटिनी सुटली की ऑपरेटर भुकेनं कासावीस होऊन घरी येत आणि त्यांना जेवण गरम लागे. लग्नानंतर पहिल्यांदा तो सिनेमा लागला तेव्हापासूनचा हा शिरस्ता होता.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना आमच्या कंपनीला लांबचा दौरा मिळाला. कपडेपट सांभाळायला कायमचं माणूस हवं होतं. मालक म्हणाले, “बाई, तुमच्या त्या टाचणीला विचारा.” मी लगेच माडी चढले.

ऐकताच टाचणीबाई यंत्राचं चाक हातानं थांबवून बसल्या. “म्हणजे सगळा कपडेपट माझ्या ताब्यात? राजाच्या टोपीपासून भिकाऱ्याच्या लक्तरांपर्यंत?”

“लक्तरांपर्यंत.”

“लक्तरं तुमच्याकडे फार वाईट फाडतात,” त्या म्हणाल्या. “गरीब माणसाचं कापड गुडघ्यावर आधी विरतं. तुमचा भिकारी पाठीवर फाटलेला असतो.” चेहरा असा उजळला होता, की तसा मी तो एवढ्या वर्षांत कधी पाहिला नव्हता. मग खाली बघून म्हणाल्या, “पण यांनी हो म्हटलं तरच. भांडून गेले तर तिथे माझा एक टाका सरळ पडायचा नाही.”

तेवढ्यात ऑपरेटर आले. मी सगळं सांगितलं. ते हात धुता धुता म्हणाले, “बाई, तुम्ही रंगमंचावरची माणसं. आमच्या घरात असं चालत नाही. तो सिनेमा लागलाय ना सध्या? बघा जरा.”

“अहो, त्यातली तर घर सोडून जाते,” टाचणीबाई टाचण्यांमधून म्हणाल्या.

“पण परत येते की नाही शेवटी?”

“तुम्ही पाहिलंय?”

ऑपरेटर टॉवेलात तोंड पुसत राहिले. फारच वेळ पुसत राहिले.

“पाहिलंय का म्हणते मी?”

“अगं, शेवटच्या रिळात ठिपका हेरायचा नसतो. मी पडद्याकडे पाठ करून आधीची रिळं उलटी गुंडाळत असतो. यंत्राच्या आवाजात बोलणंही ऐकू येत नाही. पण यंत्र थांबलं की लोकांचं रडणं कळतं ना! एवढी माणसं आनंदानं रडतात ती काय उगाच? ती परत येते, नवरा दारात उभा असतो, संसार पुन्हा सुरू. दुसरं काय असणार?”

मी हसू दाबायला खिडकीबाहेर पाहिलं. ज्या माणसानं हा सिनेमा आख्ख्या गावाला दाखवला, त्यानं त्याचा शेवट पाहिला नव्हता. आणि त्याला सांगणार तरी कोण? सोनाराला कुणी सोनं दाखवायला जातं का?

टाचणीबाईंनी तोंडातल्या टाचण्या काढून एकेक उशीला खोचल्या.

“उद्या दोघं मिळून बघू. ती परत आली नाही, तर मी दौऱ्यावर जाणार.”

“आणि परत आली तर?”

“तर पुन्हा नाव काढणार नाही. कधीच.”

“ठरलं!” ऑपरेटर म्हणाले.

माझं अवसानच गळालं. कारण मी तो सिनेमा शेवटपर्यंत पाहिला होता आणि ती परत येते! जिन्यात मी टाचणीबाईंना गाठून म्हटलं, “अगं, पैज मोड. हरशील.” त्या म्हणाल्या, “बाई, शब्द दिलाय. आता शेवट सांगून माझी मजा घालवू नका.”

दुसऱ्या दिवशी थिएटरचे मॅनेजर स्वतः यंत्रावर बसले. तेही एके काळचे ऑपरेटरच. शेवटचं रीळ लागलं तेव्हा आम्ही तिघं मागच्या रांगेत होतो. ऑपरेटरांना खुर्चीत बसून सिनेमा बघायची सवय नव्हती. डोकं एका बाजूला कलवून, एक डोळा बारीक करून, यंत्राच्या खोलीतल्या खिडकीतून बघावं तसे ते बघत होते.

पडद्यावर वादळ. वाऱ्यात ती पाय ओढत येते. ऑपरेटरांनी बायकोला कोपरानं ढोसलं. “आली! बघ, आली ना?”

टाचणीबाईंची नजर पडद्यावर खिळलेली. हात मांडीवर घट्ट धरले होते.

ती उंबऱ्यापाशी पोचते. नवरा दार उघडतो, तिला सावरतो, क्षमा मागतो. ती हसते. आणि डोळे मिटते ते मिटतेच. नवरा हाका मारत राहतो, वादळ शमतं, आणि पडद्यावर ‘समाप्त’.

सगळं थिएटर हुंदके देत होतं. त्या हुंदक्यांवरून ऑपरेटरांचा आवाज आला, “मेली की गं ती!”

पुढच्या तीन रांगा वळून बघायला लागल्या. एक आजीबाई म्हणाल्या, “मग काय, नाचेल का?”

“अहो, पण मेली! मला कुणी सांगितलं नाही!”

दिवे लागले. टाचणीबाईंच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता. “एवढी वर्षं मी तिला अशी वाऱ्यावर सोडून घरी जात होते,” त्या म्हणाल्या. “मला वाटायचं, शेवटच्या रिळात तिचं काहीतरी भलं होतच असेल. म्हणून तर निर्धास्त उठायचे.” मग सुस्कारा सोडून नवऱ्याला म्हणाल्या, “पण आली खरी. शब्द म्हणजे शब्द. तुम्ही जिंकलात.”

ऑपरेटर खुर्चीतून उठेनात. रिकाम्या पडद्याकडे बघत बसले. झाडूवाला रांगेपर्यंत आला, पाय वर करा म्हणाला, त्यांनी निमूट वर केले.

“जिंकलो कसला?” अखेर ते म्हणाले. “मी रोज जेवताना तुला हिचं उदाहरण द्यायचो. म्हणजे मी तुला काय सांगत होतो गं?”

“जाऊ द्या. माहीत नव्हतं तुम्हाला.”

“तू जा,” ते म्हणाले. “बाईंबरोबर जा. पैज मी हरलो असं समज.” आणि लगेच घाबरून, “पण पाय ओढत येऊ नकोस हं. पैसे लागले तरी गाडी करून ये.”

टाचणीबाई एकदम खळखळून हसल्या, आणि मग मात्र रडल्या. मी दोघांना तिथेच सोडून बाहेर आले. कुठल्या प्रवेशातून कधी निघावं एवढं नटीला कळतं.

दुसऱ्याच दिवशी दौरा निघाला. आमचे भिकारी गुडघ्यावर फाटू लागले, राजे काखेत शाबूत राहू लागले. पुढे एका मुक्कामी मॅनेजर नाटक बघायला आले आणि कपाळाला हात लावून सांगू लागले, “बाई, तुम्ही गेलात त्याच दुपारी या ऑपरेटरानं काय करावं? ती उंबऱ्याशी पोचली, नवऱ्यानं दार उघडलं, की यानं यंत्र बंद करून दिवे लावले! लोकांनी शिट्ट्या मारल्या, खुर्च्या आपटल्या. रोज येणाऱ्या त्या आजीबाई तर ओरडल्या, ‘आम्हाला ती मेलेली बघायचीय, तिकीट काढलंय!’ मी वर धावलो. तर हा हात बांधून उभा. म्हणतो, ‘माझ्या हातून आता ती मरायची नाही. हवं तर तुम्ही मारा.’”

“मग?” मी विचारलं.

“मग काय, आठवडा संपेपर्यंत शेवटच्या रिळाला मी जिना चढत होतो. गुडघे गेले माझे.”

टाचणीबाई सेनापतीच्या झग्याला इस्त्री करत होत्या. त्यांनी इस्त्री उभी ठेवली, झगा झटकून उजेडात धरला, आणि म्हणाल्या, “त्यांना सांगा, पुढच्या महिन्यात दोन दिवस येऊन जाते. आणि म्हणावं, तिकीट परतीचं काढणार आहे.”