श्वास पारखणारे चाचा

आमच्या शेजारच्या चाचांइतकी दुसऱ्याच्या श्वासाची काळजी वाहणारा माणूस अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात झाला नाही. मंडणगडापासून राजापुरापर्यंत कुणीही खुशाल शोधून पाहावं. मी बर्फाच्या कारखान्यात प्रेशरच्या नोंदी ठेवणारा माणूस. आकडा फुगवून सांगायची मला सवय नाही, तेव्हा हे विधान जसंच्या तसं घ्यावं.

चाचा तरुणपणी आखातात गेले आणि तिथे पाणबुडे झाले. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत आखातातून परतणारी माणसं टेपरेकॉर्डर, अत्तर, ब्लँकेटं असलं काहीबाही घेऊन यायची. चाचा उतरले ते हवेच्या बाटल्या, त्या भरायचा पंप, रेग्युलेटर आणि काळ्या रबरी नळ्या घेऊन. "शेजारणींच्या नवऱ्यांनी सोनं आणलं," चाची सांगायच्या, "आमच्यांनी हवा आणली." रेग्युलेटर म्हणजे बाटलीतली दाबलेली हवा माणसाला सोसेल इतकी मऊ करून तोंडात सोडणारं यंत्र. त्याचा एक भाग बाटलीवर बसतो, दुसरा तोंडात धरायचा, आणि मधे नळी. पाण्याखाली माणसाचं सगळं आयुष्य त्या नळीतून ये-जा करतं, असं चाचांचं म्हणणं, आणि ते चुकीचं नव्हतं. फक्त पाण्याबाहेरही ते तसंच वागत, एवढीच अडचण होती. आमच्याकडे नवा गॅस आला तेव्हा चाचा अभिनंदनाला आले आणि आधी शेगडी पुढे ओढून तिची नळी दुमडून पाहू लागले. "चाचा, निदान चहा उकळेपर्यंत तरी तिला सोडा," बायको म्हणाली. "बाय, चहा काय पुन्हा होईल," चाचा म्हणाले. एका लग्नात त्यांनी बँडवाल्याच्या हातातलं क्लॅरिनेट काढून घेऊन कुठून हवा गळते ते दाखवलं होतं. वरात तोवर उभी.

स्वतःच्या रेग्युलेटरचे लाड तर विचारू नका. दर शुक्रवारी नमाज आणि जेवण आटोपलं की चाचा किल्ल्याखालच्या खडपात, म्हणजे कातळांमधल्या पाण्यात, बुडी मारायला जात. काम नाही, मजुरी नाही. नुसतं खाली जाऊन बघून यायचं. परत आल्यावर रेग्युलेटर घंगाळात गोड्या पाण्यात ठेवत, आणि तो भिजत असताना त्याच्या बटणाला कुणी बोट लावलं तर बाहेरचं मीठ पाण्याबरोबर आत शिरतं म्हणून अंगावर धावून जात. बंदरावरच्या एकाने नळी चमकावी म्हणून तिला खोबरेल चोपडलं. चाचा कडाडले, "मेल्या, रबर कुजतं त्यानं! नळी आहे ती, नवरी नव्हे!"

त्यामुळे बंदरावर कुणी बुडी मारायचं जुनं सामान घेतलं की ते आधी चाचांकडे येई. त्यांची तपासणीची रीत ठरलेली. बाटलीकडच्या तोंडावर झाकण घट्ट बसवायचं आणि दुसऱ्या टोकाने श्वास ओढायचा. तसूभरही हवा आली तर आतला रबरी पडदा फाटका. मग आतली जाळी भिंगातून बघायची. हिरवट दिसली तर समुद्र आत जाऊन बसलाय. शेवटी नळी. नळीच्या धातूच्या टोकावर जो रबरी टोप असतो, तो ते हमखास मागे सारायचे. "जिथे झाकलंय तिथेच बघायचं. उघड्यावर रोग कोण ठेवतो?" आणि सामान नापास झालं की चाचा गप्प परत देत नसत. नळी तिथल्या तिथे कापून टाकत. मालकाला विचारायचं वगैरे नाही. नापास नळी धड ठेवली तर ती फिरून कुणाच्या तरी तोंडाला लागतेच, असा त्यांचा अनुभव. यापायी त्यांनी किती शिव्या खाल्ल्या त्याची नोंद मी ठेवलेली नाही.

माझा मेहुणा सदा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, ट्रॉलरच्या पंख्यात अडकलेली जाळी पाण्याखाली जाऊन सोडवायचं काम शिकला होता. एका ठेकेदाराने त्याला कायमचं ठेवायचं कबूल केलं. अट एकच, रेग्युलेटर स्वतःचा हवा. सदाने मुंबईच्या भंगारबाजारातून जुना सेट आणला. आरशासारखा लखलखीत. दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचं होतं. पाटावर सेट मांडून बायकोने हळदकुंकू लावलं. मी चाचांच्याच बाटलीवर तो चढवून पाहिला. दाबाचा काटा व्यवस्थित चढत होता, आणि मी तसं सांगितलंही. आशीर्वाद द्यायला म्हणून चाचांना बोलावलं.

चाचांनी बाटली बंद केली, नळीत उरलेली हवा सोडून दिली आणि सेट खोलला. श्वास ओढून पाहिला, ठीक. आतली जाळी भिंगातून पाहिली, भिंग पुसून पुन्हा पाहिली. मग नळीचा टोप मागे सारला. "भाऊ," ते मला म्हणाले, "काटा बाटलीत हवा किती ते सांगतो. नळीचं वय सांगत नाही." आणि बायकोकडे वळून, "बाय, कोयती आण."

बायको हसत आत गेली. तिला वाटलं, नारळ वाढवायचाय. एका हातात नारळ, एका हातात कोयती घेऊन ती आली. चाचांनी कोयती घेतली, नारळ तिच्याच हातात ठेवला, आणि उंबऱ्यावर नळी धरून एका घावात तिचे दोन तुकडे केले.

"चाचा!" सदा ओरडला. "उद्या कामावर जायचंय मला!"

"म्हणूनच आज कापली. परवा कापून काय उपयोग?"

"माझी नोकरी गेली! कळतं का तुम्हाला?"

"नोकरी पाण्याच्या वरती असते रे, पोरा."

चाचांनी तुकडा वाकवून दाखवला. टोपाखालचं रबर उन्हात तडकलेल्या खाजणातल्या चिखलासारखं भेगाळलं होतं. सदा बघायलाही थांबला नाही, पाय आपटत निघून गेला. बायकोने नारळ देवापुढे ठेवला आणि मला म्हणाली, "ह्यांना पुन्हा घरात घेऊ नका." चाचांनी ते ऐकलं, हळदकुंकवासकट बाकीचा सेट फडक्यात बांधला आणि घेऊन गेले.

दिवेलागणीला सदा परतला होता. चाचा दारातूनच म्हणाले, "हा घे तुझा सेट. थोडं काम होतं, केलं. बाकी माल चांगला मिळालाय तुला." सदाचा चेहरा उजळला. बायकोने पुढे होऊन पाट मांडला, पण चाचा बसले नाहीत.

मी सेट हातात घेऊन पाहिला. मोजदाद हा माझा धंदा. बाटलीवरचा भाग सदाचा नव्हता, नळी नव्हती, तोंडात धरायचा भागही नव्हता. सदाच्या सेटमधलं शिल्लक राहिलं होतं ते फक्त हळदकुंकू, तेही नव्याने लावलेलं. सदाला मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी तो कामावरून आला तो खुशीत. "भावोजी, काय हलका ओढतो हो! फक्त त्या रबरावर कुणाचे तरी दात उमटलेत. उजवीकडे एक दात नाहीच." बोलता बोलता त्याने ते रबर पुन्हा उजेडात धरलं. उजवीकडची दाढ नसलेला पाणबुडा आमच्या आळीत एकच होता.

तो तसाच चाचांकडे धावला. मीही मागोमाग गेलो. चाचा मानेनात. "मी म्हातारा झालो. पाणी थंड लागतं आता." चाची आतून म्हणाल्या, "परवापर्यंत नव्हतं लागत!" सदाने सेट त्यांच्या पुढ्यात ठेवला, त्यांनी तो उचलून परत त्याच्या खांद्यावर अडकवला. बायकोने घावन पाठवले, ते मात्र त्यांनी ठेवून घेतले. आभार मानायला त्यांनी आम्हाला तेवढीच जागा दिली.

त्यानंतर शुक्रवारी चाचा खडपाशी नुसतेच जाऊन बसू लागले. सदाने ते पाहिलं. बंदरातल्या गढूळ पाण्यात तो आठवडाभर राबायचा, पण पाणी नितळ असलं की शुक्रवारी दुपारची सुट्टी घेऊन खडपात उतरू लागला. वर आला की चाचा विचारत, "काय दिसलं?" सदा एकेक मासा सांगे. "गोबरा होता?" "होता." "डाव्या कपारीत ना? आणि शेवंडाच्या मिशा?" "त्या नाही दिसल्या." "नीट बघितलं नाहीस. जा परत!" आणि सदा निमूटपणे परत जाई.

चाचांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. सदाचा संसार मार्गी लागला. आमच्या घरातली ती एक नोकरी आणि तो एक जीव, दोन्ही त्यांच्या खात्यावर जमा आहेत. सदा अजून शुक्रवारी खडपात उतरतो. वर आला की तोंडातलं रबर काढतो आणि जरा वेळ काठाकडे बघत राहतो. तिथे कुणी विचारणारं हवं, म्हणून मी जाऊन बसतो. मला माशांतलं काही कळत नाही. मी आपलं विचारतो, "किती होते?"