बुधाजीचा एक गॅलन

लोक दुसऱ्याच्या माडीवर जळतात, शेतावर जळतात. चौलचा बुधाजी गाडीवान जळला तो दुसऱ्याच्या करावर! असा माणूस पंचक्रोशीत दुसरा सापडायचा नाही.

त्याचं झालं असं. कृष्णाबाईंच्या वाडीतली सुपारी वीस वर्षं बुधाजीच्याच बैलगाडीतून अलिबागच्या बाजारात जायची. मग छप्पन साली रस्ता डांबरी झाला. त्याची खडी बुधाजीनंच वाहिली, तीही मोठ्या हौसेनं. आणि त्याच रस्त्यावरून गावचाच दिनानाथ लढाईतली जुनी लॉरी घेऊन आला नि सुपारी उचलून गेला. घ्या आता!

बुधाजीनं त्याला चहाच्या दुकानात गाठलं. "माझ्या रस्त्यावरून माझंच भाडं पळवतोस? लाज न्हाय वाटत?"

"तुझा रस्ता?" दिनानाथ हसला. "पेट्रोलच्या दर गॅलनामागं मी कर भरतो, त्यातनं रस्ता होतो. तू चाकांच्या लोखंडी धावांनी तो फोडतोस. तुझे बैल काय भरतात, शेण?"

"आन् खडी कोनी वाहिली?"

"मजुरी मोजून घेतलीस की! तिथंच तुझा हक्क मिटला."

सगळं दुकान खो खो हसलं. आपल्या करातलं डांबरात किती जातं, हे दिनानाथाला तरी कुठं ठाऊक होतं? पण बुधाजीच्या जिवाला ते लागलं. लॉरी एक वेळ त्यानं सोसली असती. पण हा मेला कर भरतो आणि आपण भरत नाही, या विचारानं त्याला भाकरी गोड लागेना.

शेवटी दोन दिवसांचं भाडं कनवटीला लावून तो अलिबागच्या पंपावर गेला. "यात कर हाय ना? मंग एक गॅलन दे." डबा गाडीला टांगला आणि गावभर सांगत सुटला, "रस्त्यात आपला बी वाटा हाय!"

आठवड्याभरात नागावजवळ दिनानाथाची लॉरी पेट्रोल संपून उभी दिसली. मागं सुपारीची पोती, पुढं कृष्णाबाई. बुधाजीला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"बाई, पोती टाका माझ्या गाडीत!"

"अरे, बैलांनी कधी पोचायचं? व्यापारी निघून जाईल. तो डबा दे ना बाबा."

बाईंना अजून लॉरीच हवी! बुधाजीनं एकदा लॉरीकडं पाहिलं, एकदा डब्याकडं. मग त्यानं डबा सोडला आणि दिनानाथापुढं आपटला.

"घे! आज तुझी लॉरी माझ्या करावर चालनार!"

दिनानाथानं पेट्रोल ओतलं आणि पैसे पुढं केले. बुधाजी विंचू चावल्यासारखा मागं सरला.

"पैसं घेनार न्हाय! खडीचं घेतलं, तितंच फसलो. आता घेतलं तर ह्यो कर बी तुझाच व्हईल."

"किती मोठ्या मनाचा रे तू!" कृष्णाबाई म्हणाल्या.

"मोठ्या मनाचा न्हाय वो बाई, जळतोय मी, जळतोय!" बुधाजी ओरडला. पण तोवर लॉरी सुरू झाली होती, आणि त्याच्या फुकटच्या पेट्रोलवर त्याच्याच भाड्याची सुपारी घेऊन अलिबागकडे निघाली होती.