आमच्या वर्गात भिंगाला बलब म्हणत

साहित्यपेटी शाळेत आली तेव्हा हेडगुरुजींनी तिला हार घातला आणि दुसऱ्या दिवशी कपाटात ठेवून कुलूप लावलं. भिंगं, लोहचुंबक, तापमापक, सगळं होतं तिच्यात. काही फुटलं तर तपासणीत साहेबांना काय दाखवायचं, असं त्यांचं म्हणणं. मुलांना काय दाखवायचं हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नाही. ते कपाट आठवलं की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

शाळा जासईच्या पुढच्या एका खेड्यात. सत्तरचं दशक संपत आलं होतं, नव्या शहरासाठी मोजणीचे दगड रोवले जात होते आणि मी साताऱ्याकडून आलेली नवखी बाई. सातवीत मिठागरावर राबणाऱ्या एकाची मुलगी होती. गणित फळ्यावर लिहून होईपर्यंत हिचं उत्तर तयार. मग उरलेला वेळ पुढच्या मुलीची वेणी बाकाला बांधण्यात जायचा. हेडगुरुजी तिला वात्रट म्हणत. वात्रट कसली? डोक्याने उपाशी होती पोर.

तिच्यासाठी मी मिळेल ते गोळा करू लागले. भरती मोजायला खाडीत खुणांची काठी रोवली. उडालेल्या बल्बमधली तार काढून त्यात पाणी भरलं की अक्षरं मोठी दिसत, ते दाखवलं. त्या बलबाने तिला वेडच लावलं. मुंग्या, माशाचं खवलं, स्वतःची नखं, काही म्हणून तिने सोडलं नाही. मिठाचे कण चौकोनी असतात हे तिने मला सांगितलं, मी तिला नाही. त्या वस्तूला सगळा वर्ग बलबच म्हणायचा. मीसुद्धा.

त्याच वर्षी हुशार मुलांच्या निवासी शाळेसाठी निवड करायला तालुक्याचे साहेब आले. मुलीच्या वडिलांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, निवड झाली तर शिकेल, नाहीतर या हंगामापासून मिठागरावर. लेखी पेपर तिने सहज सोडवला. तोंडी परीक्षेला साहेबांनी पेटी उघडायला लावली, भिंग उचललं आणि हे काय म्हणून विचारलं. तिने ते हातात घेतलं, साहेबांच्या सहीवर धरलं, अक्षर नीट दिसेपर्यंत वरखाली केलं आणि खुशीत म्हणाली, "बलब हाय."

साहेब हसले. हेडगुरुजी त्यांच्याहून मोठ्याने हसले. निदान त्याचं काम काय ते तरी विचारा, असं मी म्हटलं. तर साहेब म्हणाले, कागदावर फक्त वस्तूच्या नावाचा रकाना आहे. रकाना! डोळ्यांसमोर मुलगी अंतर साधून दाखवतेय आणि हा शहाणा रकाना बघतोय. यादीत तिचं नाव आलं नाही.

मी तिच्या घरी गेले तेव्हा ती अंगणात भांडी घासत होती. राखेचे हात तसेच ठेवून तिने विचारलं, "बाई, भिंग शालंत व्हता, तं मना आदी का नाय दावला?"

मी हेडगुरुजींचं नाव सांगितलं, कुलपाचं सांगितलं, तावातावाने सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि भांडी उचलून आत गेली. हेडगुरुजी दर शनिवारी तालुक्याला जात, तेव्हा त्या कपाटाची किल्ली माझ्याच पदराला बांधलेली असायची.