खोडलेली बेटं

ताई गेल्याचं मला माझ्याच मुलाच्या स्टेटसवरून कळलं. सकाळी भाकरी थापत होते, तेवढ्यात शेजारच्या मुक्ताबाई फोन हातात धरून दारात आल्या. "शोभाताई, निखिलनं हे काय टाकलंय? सुमनताईला काय झालं?" मी पिठाच्या हातानेच फोन घेतला. फोटोत ताई होत्या. सलवार गुडघ्यापर्यंत भिजलेली, डोक्याला पंचा गुंडाळलेला, मागे समुद्र, आणि तोंडावर हसू. फोटोखाली लिहिलं होतं, "आमचं प्रेरणास्थान, आमची आत्या, आज आपल्यात नाही." त्याच्याखाली निखिलच्या सहलींच्या धंद्याचं नाव आणि बुकिंगचा नंबर. ताईंच्या घरमालकांनी आधी त्याला कळवलं होतं. त्याने आधी फोटो टाकला आणि मग आईला फोन केला. तो फोटो मी काढलेला होता...

सुमनताई म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण, माझ्या नणंद. परतूरमध्ये आमच्यापासून दोन गल्ल्यांवर राहायच्या. मी धावत गेले तेव्हा त्या खुर्चीतच होत्या. केस विंचरलेले, धुतलेली साडी नेसलेल्या, जणू कुठे निघायच्या बेतात असाव्यात. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, त्रास झाला नसणार. त्या घरात मी तीन वर्षांनी पाऊल ठेवत होते. जमलेल्या बायका माझ्या गळ्यात पडून रडल्या, "तुमची तर सख्ख्या बहिणीवानी जोडी व्हती" म्हणाल्या. मी मान हलवली.

ताई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. अर्ध्याहून जास्त नोकरी वाटूरच्या आसपासच्या खेड्यांत गेली. आधी पायी, मग स्कूटरवर, लसींचा डबा घेऊन वस्त्या-वस्त्यांवर. लग्न केलं नाही. आमच्या सासूबाईंनी शेवटपर्यंत त्याची हाय खाल्ली. ताईंनी खाल्ली नाही. दवाखान्यातल्या बायकांबरोबर एकदा गोव्याच्या सहलीला गेल्या होत्या. तिथल्या गर्दीला आणि कर्ण्यांना वैतागून तिसऱ्या दिवशी सकाळी एकट्याच किनाऱ्याकिनाऱ्याने चालत सुटल्या. हॉटेलं संपली, खुर्च्या संपल्या, मग कोळ्यांची वस्ती लागली. तिथे मासळी साफ करणाऱ्या बायकांत दिवसभर बसल्या. इकडे सोबतिणींनी पोलिसांत जायची तयारी केलेली. परत आल्यावर सगळ्यांनी मिळून झाडलं. ताई मला म्हणाल्या होत्या, "शोभा, त्या दिवशी मला कळलं, दर्या कसा असतो. त्याच्याआधी दोन दिवस मी नुसती जत्रा पाहून राह्यल्ते."

तेव्हापासून दर हिवाळ्यात रजा टाकून त्या एकट्या जायच्या. कोकणातल्या खाड्या, केरळातली पाण्याने वेढलेली खेडी, त्रिपुरातलं जंगल, आणि मग बेटं. जिथे बस संपते तिथून पुढे त्यांचा प्रवास सुरू व्हायचा. हॉटेलात कधी उतरल्या नाहीत. पिशवीत दोन जोड कपडे, मलमपट्टीचं सामान आणि रक्तदाब मोजायचं यंत्र असायचं. ज्या घरी राहायच्या त्या घरातल्या म्हाताऱ्यांना तपासायच्या, बाळंतिणीला काय खायचं ते सांगायच्या, आणि घरच्यांच्या पाठोपाठ जंगलात किंवा ओहोटीच्या खडकांवर हिंडायच्या. परतायच्या तेव्हा उन्हाने रापून काळ्याकुट्ट झालेल्या असायच्या. गल्लीत कुणी विचारलं, "सिस्टर, कुठं गेल्त्या?" की उत्तर ठरलेलं, "ट्रेनिंगला." ह्यांनाही कुणी विचारलं की हेही तेच सांगायचे. बाईमाणूस एकटी फिरते हे सांगायची आम्हाला लाज वाटायची. आज सगळे म्हणतात, आमची आत्या, आमची बहीण, किती धाडसी! तेव्हा ती वीस वर्षं ट्रेनिंगला होती.

माझी आई गेली त्या वर्षी ताई मला सोबत घेऊन गेल्या. "चल, घरात बसून रडण्यापरीस दर्याकिनारी रड," म्हणाल्या. परतूरहून रेल्वेने, गाड्या बदलत चेन्नई, तिथून तीन दिवस जहाज. पहिले दोन दिवस मी नुसत्या उलट्या केल्या आणि ताई माझी पाठ चोळत बसल्या. पोर्ट ब्लेअरहून पुढे आणखी एक बोट, मग एक लहान होडी. त्या बेटाचं नाव मी लिहिणार नाही. ज्यांच्याकडे उतरलो त्या बासंतीचे आजे-आजी बंगालमधून उठून तिथे वसायला आलेले. सुपारीची लहानशी बाग, दोन खोल्या, अंगणात गोड्या पाण्याची विहीर. सगळ्या वस्तीत तेवढ्या एकाच विहिरीचं पाणी पिण्याजोगं होतं, त्यामुळे सकाळपासून बायकांची ये-जा असायची. बासंतीच्या सासूच्या पायाला मधुमेहाची जखम होती. ताईंनी आठ दिवस रोज ती धुतली, बांधली. म्हातारी त्यांचे हात धरून काहीबाही बंगालीत बोलायची आणि ताई मराठीत उत्तर द्यायच्या.

किनाऱ्यावर जंगल थेट वाळूपर्यंत आलेलं. थोराड झाडं पाण्यावर ओणवी झालेली. ओहोटीला समुद्र इतका मागे जायचा की वाटावं, आता येतोय की नाही परत. बासंती पुढे, आम्ही मागे. खाडीच्या तोंडाशी मगर असते म्हणून तिकडे पाऊल टाकायचं नाही. पलीकडच्या बेटांवर जंगलातली आदिवासी माणसं राहतात, तिथे जायचा विषयही काढायचा नाही. मी एक सुरेख शंख उचलून पदरात टाकला, तर ताई चिडल्या. "ठेव तो खाली. त्याच्यात खेकडा ऱ्हातो, त्याचं घर हाय ते."

"रिकामा दिसतोय, ताई."

"आज रिकामा हाय. उद्या कुणी आलं मंग? तू परतूरला कपाटात ठेवशील, अन् त्यानं कुठं ऱ्हायाचं?"

मी शंख खाली ठेवला. त्याच दिवशी तो फोटो काढला. आई गेल्यानंतर मी पहिल्यांदा पोटभर जेवले ते बासंतीच्या अंगणात.

ताईंची एक वही होती, काळ्या पुठ्ठ्याची, नाडीने बांधलेली. त्यात सगळं लिहिलेलं असायचं. कोणतं गाव, कुणाचं घर, होडी कुणाची, कोणत्या महिन्यात जायचं, काय न्यायचं, काय विचारायचं नाही. ती वही त्या कुणाला दाखवत नसत.

निखिल डिप्लोमा करून घरी बसला होता. नोकरी लागेना. शेवटी संभाजीनगरच्या एका मित्राबरोबर त्याने सहली काढायचं ठरवलं. ताईंकडे गेला, मीही सोबत होते. "आत्या, लोक गोव्याला कंटाळलेत. त्यांना गर्दी नसलेल्या जागा पाहिजेत. तू फक्त चार नावं सांग."

ताई शेंगा सोलत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "अन् तू गर्दी घेऊन गेल्यावर ती जागा बिनगर्दीची कशी ऱ्हाईल रे?"

"थोडीच माणसं नेणार, आत्या. एकदम शिस्तीत."

"न्हाई. बिलकुल न्हाई. ती माझी जागा न्हाई, मी कोण देणार? त्या लोकांनी मला घरात घेतलं, त्यांचा पत्ता वाटायला न्हाई घेतलं."

निखिल तोंड पाडून घरी आला. चार दिवस नीट जेवला नाही. मी आई आहे, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. पुढच्याच आठवड्यात ताई एका लग्नाला भोकरदनला गेल्या आणि नेहमीसारखी किल्ली माझ्याकडे ठेवून गेल्या. मी निखिलला घेऊन गेले. वही कुठे असते ते मला माहीत होतं. तो पानांचे फोटो काढत होता आणि मी दाराशी उभी होते, कुणी येतंय का ते बघत. निम्मी पानं झाली तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. मी घाईघाईने वही बांधून जागेवर ठेवली. घरमालकीणबाई वाळवण घालायला गच्चीवर चालल्या होत्या.

पुढच्या हिवाळ्यात त्याची पहिली सहल त्या बेटावर गेली. जाहिरातीत 'गर्दीपासून दूर' असं लिहिलेलं. बासंतीने ताईंची माणसं म्हणून अंगणात जागा दिली, स्वतः रांधून वाढलं. निखिल परत आला तो हरखून. मग खेपा वाढल्या. फोटो बघून दुसरे सहलवाले पोचले. बाहेरच्या एका ठेकेदाराने किनाऱ्याला लागून खोल्या बांधल्या, पंप बसवून पाणी उपसायला सुरुवात केली. दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात बासंतीच्या विहिरीचं पाणी खारट झालं. सगळ्या वस्तीची ती एकच विहीर.

हे ताईंना बासंतीने फोनवर सांगितलं. ताई दुपारी आमच्याकडे आल्या. चप्पल काढून आत आल्या, पण बसल्या नाहीत. "शोभा, माझी वही कुणी काढली?"

"मला काय माहीत, ताई," मी म्हणाले.

त्यांनी पिशवीतून वही काढून माझ्यापुढे धरली. "मी तीस वर्षं जखमा बांधल्यात. माझी गाठ चपटी बसती, तिढा पडत न्हाई तिला. ही बघ. भोकरदनहून आले तवा हिला तिढा पडलेला व्हता, त्या दिवशीच ध्यानात आल्तं माझ्या. म्हणलं, जाऊ दे, आपलीच माणसं हाईत, पाहिली असंल सहज." मग त्या थांबल्या. मी बोलेन म्हणून वाट बघत होत्या, हे मला कळत होतं. मी बोलले नाही. "विहीर गेली तिची, शोभा," एवढंच म्हणून त्या निघून गेल्या.

त्यानंतर तीन वर्षं त्या आमच्या घरी जेवल्या नाहीत. कुठे फिरायलाही गेल्या नाहीत. हिवाळा यायचा, जायचा, ताई परतूरमध्येच. निखिलला दोनदा बोलावलं आणि सहली बंद कर म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "आत्या, मी न्हाई नेलं तर दुसरे नेतात." हे खरंच होतं, आणि ते खरं त्यानेच करून ठेवलं होतं. मधे एकदा मला चक्कर आली, रक्तदाब वाढला. ह्यांनी ताईंना बोलावलं. ताई आल्या, दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला, गोळी दिली, तासाभराने पुन्हा मोजला. या सगळ्यात माझ्याशी एक शब्द नाही. जाताना ह्यांना म्हणाल्या, "मीठ कमी कर म्हणावं तिला." मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

वाटूरच्या विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना झाली, ताईंनी लहानपणी लस टोचलेली, आता लेकुरवाळी झालेली कितीतरी माणसं आली होती. शेवटी निखिल बोलायला उभा राहिला. चांगलं बोलतो तो. म्हणाला, आत्याने मला जग दाखवलं, तिच्या वाटेवरून आपण सगळे चालू, आणि यंदापासून दर वर्षी तिच्या नावाने एक स्मृतिसफर काढू. टाळ्या वाजल्या. मी पहिल्या रांगेत बसले होते. माझेही हात एकमेकांवर आपटले. ही गोष्ट मी सगळ्यांसमोर कबूल करते आहे, कारण तिथे जमलेल्यांनी ते बघितलं आणि त्यांना ते चांगलंच वाटलं.

घरी आल्यावर तो म्हणाला, "आई, आत्याची खोली रिकामी करशील तेव्हा ती वही बाजूला ठेव. निम्मी पानं ऱ्हायलीत."

मागच्या आठवड्यात मी एकटीच खोली आवरायला गेले. वही कपाटात होती, नाडी बांधलेली. उघडली. प्रत्येक पानावरचं गावाचं नाव, बेटाचं नाव, वाटेची खूण, होडीवाल्याचं नाव, सगळं खोडलेलं होतं. एकदा नव्हे, पेन दाबून दाबून, कागद फाटेपर्यंत. आपली सगळी वाट त्यांनी स्वतःच्या हाताने पुसून टाकली होती. उरली होती ती नुसती वाक्यं. 'म्हातारीची जखम भरत आली.' 'पोरीला तिसरा महिना, रक्त कमी.' 'आज दिवसभर कुणाशीच बोलले नाही, बरं वाटलं.' कुठली म्हातारी, कुठली पोर, आता कुणालाही कळणार नाही.

ताईंच्या फोनमध्ये बासंतीचा नंबर होता. त्यांच्या खाटेवर बसून मी तो लावला. मी कोण ते सांगितलं, ताई गेल्या ते सांगितलं. पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. मग बासंती म्हणाली, "तीन साल से हम उनका फोन नहीं उठाते थे, भाभी. हर रविवार को आता था. हम नहीं उठाते थे."

मी विचारलं, का?

"हम पूछा था, दीदी, हमारे घर का पता कौन दिया? वो बोलीं, किसी ने नहीं दिया, मेरे ही मुँह से निकल गया. बस. उसके बाद हम बात नहीं किया."

मी म्हणाले, "बासंती, उनके मुँह से कुछ नहीं निकला था. वह वही... वह कॉपी मैंने दी थी. मेरे बेटे को."

कुणीतरी लांबून तिला हाक मारत होतं, पाण्याची गाडी आली म्हणून.

"अब बोल रही हो, भाभी?" ती म्हणाली. "अब?"

आणि तिने फोन ठेवला.