बारा मिनिटांची बॅटरी

घरात जुने चार्जर कसे जमतात ते कुणालाच सांगता येत नाही. कुणी मुद्दाम आणलेले नसतात, कुणी मागितलेले नसतात. एक दिवस फडताळ उघडावं तर दहा-बारा वायरी एकमेकींत गुंतून बसलेल्या! बॅटरीचे किस्से माझ्याकडे असेच जमले. एक ओढायला जावं तर मागून दुसरा येतो. मी हळू बोलणारा माणूस, शाळा पाचवीपर्यंत. तेव्हा जरा दमानं ऐका.

मध्य प्रदेशात बालाघाटजवळ भरवेलीच्या खाणीत मी एकतीस वर्षं लॅम्प रूमला होतो. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाच्या टोपीला दिवा असायचा आणि दिव्याची बॅटरी कमरेला. शिफ्ट सुटली की दिवे माझ्याकडे परत यायचे. मी ते पुसायचो, चार्जिंगला लावायचो, बॅटरीत पाणी कमी झालं असेल तर डिस्टिल वॉटर टाकायचो. एवढंच काम. त्यावरून कॉलनीत माझं नाव पडलं बॅटरीवाला. मी रिटायर झालो, बायको गेली, पोरगी वनिता पुण्याला नोकरीला गेली. नाव मात्र इथंच राहिलं.

आता आमच्या वस्तीत ज्यांची ज्यांची पोरं बाहेर आहेत, त्यांच्या घरी एकेक जुना लॅपटॉप आहे. पोरांनी नवा घेतला आणि जुना आईबापापाशी ठेवला, "यावर बोलत जाऊ" म्हणून. लॅपटॉप म्हातारे, त्यांच्या बॅटऱ्या म्हाताऱ्या, समोर बसणारेही म्हातारे!

माझा वनितानं ठेवलेला आहे. नेटचा डोंगलही तिनंच लावून दिला. रविवारी सकाळी अकरा वाजता ती समोर दिसते. माझा फोन बटनाचा, त्यात आवाज येतो, चेहरा येत नाही. आणि रविवारीच विजेच्या लाइनचं काम निघतं. लाइन गेली की सगळी भिस्त बॅटरीवर. पहिल्या वर्षी ती दोन तास चालायची. मग एक तास. मग चाळीस मिनिटं. यंदा बारा! बारा मिनिटांत माझ्यासारख्याचं काय बोलून होतं? "बरी आहेस ना बाई" म्हणेपर्यंत तीन जातात.

म्हणून तिचं आयुष्य वाढवायच्या मागं मी लागलो. बॅटरीचं म्हणतो मी.

* * *

पहिला किस्सा डोमाजीचा. डोमाजी म्हणजे खाणीतला माझा जुना सोबती, माणसांना खाणीत नेणारा पिंजरा खालीवर करणारं इंजिन चालवायचा. बोलणं अजून इंजिनाच्या वरताण. त्याचा पोरगा हैदराबादला. एक दिवस लॅपटॉप काखेत मारून दारात उभा!

"किसना, याची बॅटरी बसून राह्यली. पाणी टाकून दे."

आणि मी काय केलं असेल? मी आतून डिस्टिल वॉटरची बाटली आणली! एकतीस वर्षांची सवय. बॅटरी कमजोर, म्हणजे पाणी कमी. दोघांनी लॅपटॉप उताणा केला आणि बूच शोधायला लागलो.

"हे पाय, चार बुचं आहेत," डोमाजी म्हणाला. चार कोपऱ्यांत चार काळी रबरं. आम्ही चमच्याच्या टोकानं चारी उपटली. खाली भोक काही सापडेना. नशीब समजा!

मोटारसायकलवर बालाघाटला गेलो. मेन रोडच्या मागं गुड्डूभाईचं रिपेरिंगचं दुकान आहे. डोकं टकलं, डोळ्याला भिंग. त्यानं लॅपटॉप पाहिला, हातातली रबरं पाहिली आणि भिंगच काढून ठेवलं.

"चाचा, बूच नहीं है ये. पाँव हैं इसके! दोनों ने मिलके बेचारे के पाँव उखाड़ दिए!"

डोमाजीनं रबरं खिशात घातली आणि आम्ही घरी आलो. दारात उतरताना म्हणाला, "पाय गेले तं गेले. चालते ना?"

* * *

त्याच गुड्डूभाईनं एकदा आम्हाला समजावून सांगितलं. शून्यापासून शंभरपर्यंत भरली आणि पुन्हा रिकामी केली, की बॅटरीची एक सायकल होते. अशा पाचेकशे सायकली झाल्या की तिचा दम संपतो.

डोमाजीनं सगळं मन लावून ऐकलं. भरवेलीत आम्ही सगळे सायकलीवरच ड्यूटीला जायचो, हे आधी ध्यानात घ्या.

"पाचशे सायकली!" तो म्हणाला. "अरे बाप्पा! मले तं सारी नोकरी एकच पुरली!"

* * *

मग आम्हाला टक्क्यांचा नाद लागला. वनिता म्हणायची, "बाबा, वीसच्या खाली जाऊ देऊ नका अन् ऐंशीच्या वर चढू देऊ नका. मंग ते जास्त दिवस टिकते." डोमाजीच्या पोरानंही तेच सांगितलेलं. सकाळी भेटलो की रामरामच्या आधी टक्के!

एकदा चहाच्या टपरीवर असंच चाललं होतं.

"तुही किती हाय?"

"सकाळी अठ्ठ्याहत्तर होती. आता तेहतीस."

"तेहतीस? मंग घरी जाऊन लाव लवकर!"

"जातो. तुही?"

"माही तं काल एकदम चारवर आलती. मी घाबरलो ना!"

बाजूला खैरलांजीकडचे एक पाहुणे बसले होते. त्यांनी चहा खाली ठेवला आणि हात जोडले. "माफ करजा दादा, पण शुगर चारवर आल्यावर तुमी बसून कसे राह्यले?"

* * *

आता सुमनबाईचा. सुमनबाई दवाखान्यात नर्स होत्या, अर्ध्या भरवेलीला त्यांनी सुया टोचल्या आहेत. हात हलका, जीभ जड! मुलगा परदेशात. तो जाताना लॅपटॉप ठेवून गेला आणि तेच ऐंशीचं सांगून गेला.

एकदा डोमाजीच्या छपरीत आम्ही तिघं बसलो होतो. डोमाजीनं विचारलं, "बाई, तुमच्या पोरानं काय सांगतलं मंग?"

"काय सांगन! आई, ऐंशीच्या वर नेऊ नको म्हणते."

"बरोबरच सांगतलं."

"हौ ना," सुमनबाई म्हणाल्या. त्यांना तेव्हा एकोणऐंशी चालू होतं. "मले तरी कुठी हौस हाय वर न्यायची!"

डोमाजी हसला. मी हसलो. त्या हसल्या नाहीत, तेव्हा आम्ही थांबलो.

* * *

त्यांच्याच लॅपटॉपची गोष्ट पुढं आहे. त्यांनी तो जुन्या लुगड्यात गुंडाळून पेटीत ठेवला होता. बॅटरी खर्च होऊ नये म्हणून. मुलाचा निरोप आला की काढायचा, असा त्यांचा हिशेब. निरोप काही येईना. तो मोबाइलवर कधीमधी दोन शब्द बोलायचा, बस.

दिवाळीला निरोप आला! "आई, आज समोरासमोर बोलू." सुमनबाईंनी पेटी उघडली, लुगडं सोडलं, बटन दाबलं. काहीच नाही. चार्जर लावला. काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही गुड्डूभाईकडे. त्यानं उघडून पाहिलं आणि मान हलवली. "चाची, बैटरी तो मर गई. इसके बिना ये मॉडल चालू ही नहीं होता."

"मरन कशी? मी तं एक दिवसही वापरली नाही!"

"इसीलिए मरी, चाची. पड़े-पड़े मर गई."

सुमनबाईंनी बॅटरी हातात घेऊन उलटीपालटी केली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "किसनाभाऊ, उद्यापासून मी रोज तुमच्याकडं चहाले येत जाईन."

तेव्हापासून येतात. चार वाजता म्हणजे चार वाजता.

* * *

मे महिन्यात आमच्याकडे भिंतीला हात लावला तरी चटका बसतो. गुड्डूभाईनं बजावलं होतं की बॅटरीला गर्मी सोसत नाही, थंड जागी ठेवा. मी सांगून ठेवतो, हे खरं आहे. खाणीतसुद्धा उन्हाळ्यात दिव्याच्या बॅटऱ्या लवकर बसायच्या.

डोमाजीकडे कूलर एकच. त्यानं स्टूल मांडलं, स्टुलावर उशी, उशीवर लॅपटॉप, आणि कूलरचं तोंड तिकडे फिरवलं. खोली लहान. स्टूल ठेवल्यावर खाट मावेना. मग खाट गेली अंगणात, कडुनिंबाखाली. खाटेबरोबर डोमाजीही गेला!

पोराचा कॉल आला तेव्हा मी तिथंच होतो. डोमाजी धोतरानं घाम पुसत आत धावला आणि बटन दाबून खुर्चीवर टेकला.

"बाबा, हा एवढा वाऱ्याचा आवाज कशाचा? कूलरसमोर बसले काय? मस्त मजा हाय तुमची!"

"हौ बेटा," डोमाजी म्हणाला. "मजाच मजा हाय."

* * *

हा माझा स्वतःचा. पडद्याचा उजेड कमी केला की बॅटरी जास्त चालते, हे मला कळलं. मी एक घर कमी केला, दोन मिनिटं वाढली. आणखी एक घर, आणखी एक मिनिट. करता करता असं झालं की वनिता बोलायची आणि मला दिसायची फक्त तिची नथनी, तीही हलली तर. पण मिनिटं मिळत होती! आवाज तर तिचाच होता.

एका रविवारी ती मधेच थांबली. "बाबा, तुम्ही काहीच म्हटलं नाही."

"कशाबद्दल बाई?"

"केस कापले ना मी! मानेपर्यंत. महिना झाला. चार रविवार मी वाट पाहून राह्यले, बाबा कधी विचारतीन."

एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या डोक्यावर दिवे लावले मी, आणि पोरीचं डोकं मला दिसलं नाही!

मी बटन दाबून उजेड पूर्ण केला. चांगले दिसत होते केस. तिच्या आईसारखे, आजारपणात कापले होते तेव्हाचे. ते काही मी बोललो नाही. तेवढ्यात बॅटरी गेली.

* * *

नव्या बॅटरीचं विचाराल तर गुड्डूभाईनं नागपूरला सांगून ठेवलं होतं. मॉडेल जुनं. तो म्हणायचा, "आएगी चाचा, आएगी." वनिता नवा लॅपटॉप पाठवते म्हणायची. मी नको म्हणायचो. तिच्या हातानं घासून घासून याच्या बटनांवरची काही अक्षरं पुसली गेली आहेत, ती नव्यात कुठून येणार?

तर हा शेवटचा. हा मी अजून डोमाजीलाही सांगितला नाही.

मागच्या रविवारी अकराला कॉल लागला आणि पाच मिनिटांत लाइन गेली. वनिता मेथी निवडत बसली होती. लॅपटॉप समोर ठेवून, मान खाली. ती अशीच बोलते, हातात काम असलं म्हणजे तिला बोलणं सुचतं. भाजीचं बोलली, घरमालकाचं बोलली. मी ऐकत होतो आणि कोपऱ्यातला आकडा पाहत होतो. नऊ. सात. पाच.

मग तिचे हात हळू झाले. "बाबा, एक सांगू काय?"

मी म्हणालो, "सांग ना बाई."

तिनं एक काडी तोडली. मान वर न करता म्हणाली, "लय दिवसापासून सांगीन म्हणते, पण..."

आणि पडदा काळा झाला. त्यात माझाच चेहरा दिसायला लागला.

बटनाचा फोनही नेमका बसलेला होता. लाइन आली तीन वाजता. मी लॅपटॉप चालू केला. ती तिथं नव्हती. फोन लावला, उचलला नाही. चार वाजता सुमनबाई आल्या, चहा झाला, त्या गेल्या. 

सोमवारी सकाळी माझ्या बटनाच्या फोनवर रिंग आली. आवाज एकदम मोकळा होता तिचा. असा आवाज मी तिची आई होती तेव्हा ऐकला होता.

"बाबा, काल तुम्ही किती चांगलं ऐकलं! मधे एका शब्दानं टोकलं नाही. मी तं खाली पाहूनच बोलत होती, तुमच्याकडं पाहायची हिंमतच नव्हती. सगळं सांगून झाल्यावर वर पाहिलं तं तुम्ही बंद केलतं. मले समजलं. तुम्हाले रडू आलं असन."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बाबा, आता पुन्हा नाही सांगत मी. एकदा बोलली, तेवढंच माह्याच्यानं झालं. दोन वर्षं लागले त्याले." मग म्हणाली, "मंग, तुमचं काय म्हणणं हाय? करू ना तसं?"

बाहेर पहिल्या शिफ्टची माणसं सायकलीवरून चालली होती. मी दारापर्यंत गेलो, परत आलो, खाटेवर बसलो. ती तिकडे थांबली होती. मला वेळ लागतो, हे तिला माहीत आहे.

"हौ बाई," मी म्हणालो. "कर."