बंद खिडकीसमोरचे आप्पा

आप्पांची आणि माझी ओळख एका रांगेत झाली. शिरूरच्या एसटी स्टँडवर ते एका बंद खिडकीसमोर उभे होते, त्यांच्या मागे दोघे-तिघे, म्हणून मीही उभा राहिलो. खिडकी काही उघडेना, तेव्हा मी विचारलं, "काय मिळतंय इथं?" आप्पा वळून गालातल्या गालात हसले. "काय बी न्हाई. म्या आपला हुबा व्हतो. तुमी का हुबं ऱ्हायलात?"

हा माणूस आमच्याच वडगावचा, नोकरीभर बाहेर राहून नुकताच परतलेला निवृत्त कंडक्टर, हे मागाहून कळलं. उभी हयात गर्दीत गेली, तरी त्यांना गर्दीचा कंटाळा नव्हता. एक पळाला की सगळेच का पळतात, बसमध्ये भांडण लागलं की बाकीचे खिडकीबाहेर का बघतात, असले प्रश्न त्यांना पडत. "घोळक्यात मानूस शेजारच्याकडं बघून ठरिवतो," ते म्हणत, "आन् शेजारचा ह्याच्याकडंच बघत आसतो!"

ग्रामसभेत त्यांची खुर्ची नेहमी उलटी. पाठ सरपंचांकडे, तोंड आमच्याकडे. "मंजूर! मंजूर!" असा गजर झाला की ते एकेक चेहरा न्याहाळत बसत. सरपंच वैतागून म्हणत, "आप्पा, हिकडं बघा की." त्यावर यांचं उत्तर ठरलेलं, "कान तुमच्याकडंच हायती."

एकदा भीमेकाठच्या पाणी उपसायच्या मोटारींच्या केबली चोरीला गेल्या. पुरावा नव्हता, पण बोटं वळली रामसजनकडे. हा बिहारचा, कंपनीत कामाला, आमच्या आळीत भाड्याने राहणारा. त्याला गावातून काढायचा ठराव आला. मला ते नको होतं, त्याच्या घरमालकालाही नको होतं. पण कुणीतरी पहिलं "मंजूर" ओरडलं आणि भराभर तोंडं उघडली. दाराशी उभा असलेला रामसजन रडवेला झाला. "हमने कुछ नहीं किया, चाचा. बिटिया का स्कूल इधर ही है, कहाँ जाएँगे?"

आप्पा उठले. "थांबा. समद्यांनी डोळं झाका. सरपंच, तुमी बी. आता ज्याला ह्यो मानूस जायला पायजे, त्येनं हात वर करा. कोन कुनाला बघनार न्हाई."

पंख्याचा तेवढा आवाज येत राहिला. मग आप्पा म्हणाले, "हात खाली. डोळं उघडा. येक बी हात वर न्हवता."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. घरमालक हसला, मग सरपंचही हसले आणि ठराव बारगळला. पुढे "आम्हीच त्याला राहू दिलं" हे गाव छाती फुगवून सांगू लागलं. नुसतं सांगितलं नाही, त्याची बायको आजारी पडली तेव्हा आळीतून आळीपाळीने डबे गेले.

मला मात्र एक गोष्ट टोचत होती. आप्पा अंथरुणाला खिळले तेव्हा धीर करून विचारलं, "एकही हात वर नव्हता, तर 'हात खाली' कुणाला म्हणालात?"

आप्पांच्या डोळ्यांत तीच स्टँडवरची चमक आली. "मला काय ठावं? म्या बी डोळं झाकलं व्हतं."

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते गेले. शोकसभेत सरपंचांनी सर्वांना डोळे मिटून दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं. माझ्या पुढेच रामसजन उभा होता, मुलीचा हात धरून. कोण खरंच डोळे मिटतंय आणि कोण नाही, हे बघायची मला अनिवार इच्छा झाली, खोड आप्पांचीच. पण आप्पांची फार आठवण आली, आणि मी डोळे घट्ट मिटून घेतले.