लवकर फेडल्याचा दंड

बाबांनी पातूरचा प्लॉट विकला आणि भावाइतकाच माझा वाटा माझ्या हातात ठेवला. पोस्टातल्या नोकरीत पोट मारून त्यांनी तो प्लॉट घेतला होता. म्हणाले, "आधी घर कर्जातून मोकळं कर. कागद घरी आले पायजेत. दिसून राहिलं तोवर मले पाहू दे." त्यांचा एक डोळा गेलेला, दुसऱ्यानं अंधुक दिसायचं.

मी तेव्हा, वीसेक वर्षांपूर्वी, अकोल्याला सरकारी दवाखान्यात नर्स होते. नवऱ्याचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान होतं. कापसानं सगळ्यांनाच बुडवलं होतं. दुरुस्त झालेले पंप न्यायलाही कोणी येत नव्हतं. घराचा हप्ता माझ्या पगारातून जाई. त्यात कर्ज देणाऱ्या कंपनीचं पत्र आलं: व्याज वाढलं, हप्ता तोच, मुदत चार वर्षांनी लांबली. त्या दिवसापासून इंजेक्शन भरताना मी बाटलीवरचं नाव तीन-तीनदा वाचू लागले.

कंपनीची शाखा अमरावतीला. एसटीत पर्स पोटाशी धरून बसले. आत तीन लाखांचा चेक. उरलेलं कर्ज तेवढंच होतं. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "पूर्ण बंद करायचं तर दोन टक्के जास्त लागतील, मॅडम. सहा हजार."

"लवकर देऊन राहिली म्हणून?"

"आमचं पुढचं व्याज बुडते ना. करारात आहे, तुमची सही आहे. वर्षाला पाव हिस्सा भरला तर दंड नाही."

करार इंग्रजीत होता. घर मिळतंय या आनंदात मी प्रत्येक पानावर सही केली होती, वाचलं एकही नव्हतं. सहा हजार म्हणजे हप्ता जाऊन उरणारा माझा जवळपास महिन्याचा पगार. चेक तसाच परत आणला.

घरी नवरा म्हणाला, "पाव-पाव भरू. बाकीचे हाताशी राहतील." मला तेच हवं होतं आणि त्याचीच भीतीही वाटत होती. हाताशी राहिलेले पैसे दुकानात कधी जातील, सांगता येत नव्हतं.

जुन्या शहरात कोर्टाचे अर्ज लिहिणारे एक चाचा होते. त्यांच्या बेगमला मी ड्रेसिंग करायला जात असे. करार त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो बोट फिरवत शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, "कर्जावर व्याज किती?"

"अकरा टक्के."

"अन् बँकेत ठेवशीन तर?"

"सात."

"मंग पाव भरून सव्वादोन लाख बाजूले ठेवशीन, तर चार टक्क्याच्या फरकानं एका सालात नऊ हजार जातीन बेटी. दंड सहाचा. तू दंडाच्या नावालेच घाबरली."

मी आकडे पुन्हा मांडून पाहिले. बरोबर होते. पण सगळे पैसे एकदम दिले की मागे काहीच उरत नव्हतं, हेही तितकंच बरोबर होतं. चार दिवस तेच आकडे मांडत राहिले. पाचव्या दिवशी नवऱ्याला सांगितलं, "मी भरून येते." तो म्हणाला, "मीबी येतो."

आम्ही दंडासकट पैसे भरले. कागद मुंबईहून यायला दीड महिना लागला. तेवढ्या दिवसांत मी तीनदा फोन केला. आपण फसलो, असं रोज वाटायचं.

कागद आले तेव्हा बाबांनी खिडकीशी नेऊन खरेदीखत डोळ्याला अगदी टेकवलं. "नाव कोनाचं हाये?"

"माह्यं."

त्यांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

पुढच्या वर्षी नवऱ्यानं दुकान बंद केलं आणि तो कापसाच्या एका जिनिंग कारखान्यात फिटर म्हणून लागला. माझा पगार आता पूर्ण घरात येत होता, म्हणून आम्ही तगलो. तरी कितीतरी महिने एक तारखेला छातीत धस्स व्हायचं, आणि मग आठवायचं की आज कुठलाच हप्ता नाही.